टेम्प फाइलचं नाव काय ठेवायचं? या साध्या प्रश्नाने डेव्हलपर्सची झोप का उडते?

२००६ सालची गोष्ट. 'एस्क्यूलाइट' नावाचा डेटाबेस बनवणाऱ्या डेव्हलपर्सना रात्री-अपरात्री फोन यायला लागले. पलीकडची माणसं अनोळखी असायची, वैतागलेली असायची आणि तक्रार साधारण एकच असायची. तुमच्या नावाच्या या फाइल्स आमच्या कम्प्युटरवर कशाला आल्या?

खरं तर या डेव्हलपर्सनी कुणाच्याही कम्प्युटरवर काहीच टाकलं नव्हतं. एस्क्यूलाइट फुकट आहे, कुणीही तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरू शकतं. मॅकॅफी कंपनीने तो आपल्या अँटिव्हायरसमध्ये वापरला होता. काम करताना विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइल्स तयार व्हायच्या आणि त्यांच्या नावाची सुरुवातच 'एस्क्यूलाइट' अशी असायची. लोकांना त्या दिसल्या, त्यांनी नाव गुगल केलं, डेव्हलपर्सचे फोन नंबर सापडले आणि फोन खणखणायला लागले.

यावरचा तोडगाही भन्नाट होता. डेव्हलपर्सनी नाव उलटं करून टाकलं. एस-क्यू-एल-आय-टी-ई ही अक्षरं उलट्या क्रमाने लिहिली की होतं ई-टी-आय-एल-क्यू-एस. तेव्हापासून एस्क्यूलाइटच्या टेम्प फाइल्स याच नावाने सुरू होतात. हा सगळा किस्सा एस्क्यूलाइटच्या कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवलेला आहे. ज्याला हे उलटं नाव ओळखता येईल, त्याला रात्री फोन करून फाइल जाणार नाही हेही कळत असेल, असा त्यामागचा हिशोब.

हा किस्सा हसण्यावारी नेता येतो. पण टेम्प फाइलच्या नावावरून होणारा दुसरा गोंधळ एवढा निरुपद्रवी नसतो. दोन जणांच्या फाइल्सना एकच नाव मिळालं, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या कागदावर छापली जाऊ शकते. आणि तसं झालं हे कुणाला कळतही नाही.

टेम्प फाइल लागतेच कशाला?

पोळ्या करताना कणीक मळायला परात लागते. काम झालं की परात धुऊन जागेवर. जेवणाऱ्याच्या ताटात ती कधीच येत नाही. टेम्प फाइलचं तसंच आहे. मोठं काम करताना मधला पसारा ठेवायला लागणारी ही जागा असते.

समजा डेटाबेसला लाखो नोंदी तारखेप्रमाणे लावायच्या आहेत. तेवढी माहिती मेमरीत मावली नाही, तर डेटाबेस ती तात्पुरती डिस्कवर उतरवतो. 'पोस्टग्रेस' या लोकप्रिय डेटाबेसमध्ये अशा एका कामासाठी सुरुवातीला ४ एमबी मेमरी ठरवून दिलेली असते. काम त्यापुढे गेलं की टेम्प फाइल बनते.

शिवाय डेटाबेसवर चालणारी सॉफ्टवेअर्सही स्वतःच्या टेम्प फाइल्स बनवतात. बिलाची पीडीएफ, पगाराची यादी, एक्सेलमध्ये उतरवलेला अहवाल. असं बरंच काही आधी टेम्प फाइलमध्ये तयार होतं आणि मग स्क्रीनवर किंवा प्रिंटरवर जातं. ही दुसऱ्या प्रकारची फाइल प्रोग्रामर स्वतः बनवतो, म्हणून तिचं नावही त्यालाच ठरवावं लागतं. गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

एकच नाव ठेवलं तर बिघडतं कुठे?

एक काल्पनिक पतसंस्था घेऊ. चार काउंटर, चार कम्प्युटर आणि सगळ्यांची माहिती एका सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने खातेउताऱ्यासाठी टेम्प फाइलचं नाव सरळ 'टेम्प डॉट डीबीएफ' ठेवलं आहे. त्याने स्वतःच्या कम्प्युटरवर शंभर वेळा तपासलं तेव्हा सगळं नीट चाललं, कारण तेव्हा तो एकटाच होता.

आता पहिल्या काउंटरवर एका सभासदाचा उतारा मागवला. सॉफ्टवेअरने नोंदी गोळा केल्या, 'टेम्प'मध्ये लिहिल्या आणि फाइल बंद केली. आता तीच फाइल पुन्हा उघडून छपाई करायची आहे. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर दुसऱ्या सभासदाचा उतारा मागवला गेला. त्या कम्प्युटरनेही त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची फाइल लिहिली. पहिली पुसली गेली.

पहिल्या काउंटरच्या प्रिंटरमधून जो कागद बाहेर आला, त्यावर आकडे दुसऱ्याच माणसाचे होते.

'फाइल वापरात आहे' अशी एरर आली असती, तर ते नशीबच म्हणायचं. निदान काहीतरी चुकलंय हे कळलं असतं. फाइल बंद असताना बदलली गेली तर एरर येत नाही. चूक गुपचूप होते. पुन्हा तपासायला गेलं तर सगळं बरोबर दिसतं, कारण दोन क्लिक पुन्हा त्याच क्षणी पडतीलच असं नाही.

वेळेवरून नाव दिलं तर?

बहुतेकांना पहिला उपाय हाच सुचतो. नावात तारीख आणि वेळ घाला. वेळ पुन्हा येत नाही, म्हणजे नावही पुन्हा येणार नाही.

डेटाबेस सॉफ्टवेअरच्या इतिहासात याचं एक छान उदाहरण आहे, ते म्हणजे फॉक्सप्रो. नव्वदच्या दशकात भारतातल्या कम्प्युटर क्लासेसमध्ये डीबेस आणि फॉक्सप्रो शिकलेली एक अख्खी पिढी आहे. फॉक्स सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचं हे उत्पादन १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं.

फॉक्सप्रोमध्ये टेम्प फाइलला नाव देण्यासाठी 'सिस (३)' नावाचं एक फंक्शन होतं. ते हाक मारल्यावर एक नवं नाव काढून द्यायचं. डॉसच्या नियमाप्रमाणे फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं असायचं आणि या नावाने ते काम भागायचं.

पुढे कम्प्युटर वेगवान झाले. मग व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या अधिकृत माहितीतच इशारा छापला गेला. वेगवान कम्प्युटरवर 'सिस (३)' लागोपाठ वापरलं तर तेच नाव पुन्हा येऊ शकतं. एकेकाळी पुरेसं वाटणारं अंतर नव्या प्रोसेसरपुढे अपुरं पडलं.

पर्याय म्हणून 'सिस (२०१५)' सुचवलं गेलं. कंसातला आकडा म्हणजे साल नव्हे, तो फंक्शनचा क्रमांक आहे. हे फंक्शन तारीख आणि वेळेवरून दहा अक्षरांचं नाव तयार करतं आणि एकाच मिलिसेकंदात दोनदा विचारलं तरी वेगळं उत्तर देतं. त्यातली पहिली दोन अक्षरं कापली की उरतात आठ, म्हणजे जुन्या नियमात बसणारं नाव तयार.

पण पतसंस्थेत कम्प्युटर चार आहेत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि प्रत्येक जण आपापल्या घड्याळावरून नाव काढतोय. एका कम्प्युटरवर नाव पुन्हा येणार नाही, पण दोन वेगळ्या कम्प्युटरवर तेच नाव निघण्याची शक्यता उरतेच.

याचा अनुभव तुम्हालाही आला असेल. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपने आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडी क्रमांक. एका फोनमध्ये ही पद्धत छान चालते. पण आईच्या आणि बाबांच्या फोनमधले फोटो एकाच फोल्डरमध्ये कॉपी करायला घ्या. 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?' असा प्रश्न हमखास येतो. घाईत 'हो' दाबलं की एक फोटो गेला.

मग रँडम आकडा टाकला तर?

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे नावात कुठलाही रँडम आकडा घालणं. यातही दोन खाचखळगे आहेत.

पहिला खळगा म्हणजे कम्प्युटरचा साधा रँडम आकडा खरा रँडम नसतो. एका सुरुवातीच्या आकड्यावरून, म्हणजे 'सीड'वरून, गणित करून पुढचे आकडे काढले जातात. सीड तोच असेल तर आकड्यांची रांगही तीच. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये सीड दिला नाही, तर तो १,००,००१ धरला जातो. म्हणजे सकाळी चारही काउंटरवर सॉफ्टवेअर सुरू झालं की चौघांना 'रँडम' नावं त्याच क्रमाने मिळणार. टक्कर टाळण्यासाठी केलेला उपायच टक्कर घडवून आणणार.

दुसरा खळगा गणिताचा आहे. एका वर्गात किती मुलं असली म्हणजे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बरेच जण १८० च्या आसपास आकडा सांगतात. खरं उत्तर आहे फक्त २३. कारण इथे एका ठरावीक मुलाशी तुलना होत नाही, प्रत्येकाची प्रत्येकाशी होते.

फाइलच्या नावांनाही हेच लागू होतं. नावात ० ते ९ आणि ए ते एफ यांपैकी चार अक्षरं रँडम असतील, तर एकूण ६५,५३६ नावं तयार होतात. आकडा मोठा वाटतो. पण साधारण ३०० फाइल्स झाल्या की कुठल्या तरी दोघींचं नाव सारखं निघण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते.

खरी गोची नावात नाही, मधल्या क्षणात आहे

यावर कुणीही म्हणेल, सोपं आहे. आधी बघा त्या नावाची फाइल आहे का. नसेल तर बनवा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ती समजून घ्यायला एसटी स्टँडवर जावं लागेल.

गाडी फलाटाला लागली. खिडकीतून तुम्हाला एक रिकामी सीट दिसली. तुम्ही वळसा घालून दारापाशी गेलात, गर्दीतून वर चढलात आणि बघता तर तिथे दुसरंच कुणी बसलेलं. तुम्ही पाहिलं तेव्हा सीट रिकामीच होती. पण पाहणं आणि बसणं यात जो वेळ गेला, त्यात ती गेली.

म्हणून जाणकार प्रवासी काय करतो? खिडकीतूनच सीटवर रुमाल टाकतो. सीट दिसणं आणि धरणं एकाच झटक्यात.

'फाइल आहे का' हे तपासणं म्हणजे खिडकीतून बघणं आणि फाइल बनवणं म्हणजे सीटवर बसणं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा प्रोग्राम घुसू शकतो. तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असला, तरी दिवसाला हजारो कामं करणाऱ्या सर्व्हरवर कधी ना कधी टक्कर होतेच. प्रोग्रामर याला 'रेस कंडिशन' म्हणतात.

रुमाल टाकायची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून आहे. फाइल बनवताना सांगायचं, 'या नावाची फाइल नसेल तरच बनव, असेल तर मला नकार दे.' तपासणं आणि बनवणं या दोन्ही गोष्टी ऑपरेटिंग सिस्टिम एकाच पावलात उरकते, मध्ये कुणाला शिरायला जागाच ठेवत नाही. दोन प्रोग्राम अगदी एकाच वेळी आले तरी एकालाच फाइल मिळते. दुसऱ्याला नकार मिळतो आणि तो नवं नाव घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. एसटीत रुमालावरून भांडणं होतात. इथे होत नाहीत, कारण ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय शेवटचा असतो.

ही सोय काही कालची नाही. १९८४ च्या डॉस ३.० मध्येही 'फाइल नवी असेल तरच बनव' असा स्वतंत्र आदेश होता. युनिक्स आणि लिनक्समध्ये तर यासाठी दोन पिढ्यांची फंक्शन्स शेजारी शेजारी बघायला मिळतात. जुनं 'एमके-टेम्प' फक्त नाव सुचवतं. नवं 'एमके-एस-टेम्प' नाव काढतं, त्याच झटक्यात फाइल बनवतं आणि उघडून हातात देतं. जुन्या फंक्शनला २००८ मध्ये पॉझिक्स या मानकातून काढून टाकण्यात आलं. पायथॉनमध्येही फक्त नाव देणारं फंक्शन वापरू नका, असं २.३ या आवृत्तीपासून सांगितलं जातंय.

याचा सुरक्षेशी काय संबंध?

आतापर्यंतची टक्कर अपघाताने होत होती. ती मुद्दामही घडवता येते.

लिनक्समध्ये टेम्प फोल्डर सगळ्यांसाठी खुला असतो. एखादा प्रोग्राम पुढच्या फाइलला काय नाव देणार याचा अंदाज आला, तर त्याच कम्प्युटरवर खातं असलेला हल्लेखोर त्या नावाचा एक शॉर्टकट आधीच तिथे ठेवू शकतो. हा शॉर्टकट एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे बोट दाखवतो. प्रोग्राम आपली टेम्प फाइल समजून लिहायला जातो आणि प्रत्यक्षात ती महत्त्वाची फाइल खराब होते. प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालत असेल तर नुकसान आणखी मोठं.

म्हणून वेळेवरून किंवा क्रमांकावरून काढलेलं, ओळखता येण्यासारखं नाव धोक्याचं मानलं जातं. 'नवी असेल तरच बनव' या अटीमुळे हा डावही फसतो, कारण आधीच ठेवलेला शॉर्टकट दिसला की फाइल बनवायला नकार मिळतो. 'एमके-एस-टेम्प' यापुढे एक पाऊल जातं. त्याने बनवलेली फाइल वाचायचा आणि लिहायचा हक्क फक्त तिच्या मालकाला असतो.

विंडोज काय करतं?

विंडोजमध्ये टेम्प फाइलचं नाव काढून देणारं फंक्शन रिकामी फाइलही बनवून ठेवतं. म्हणजे रुमाल टाकलेला असतो. पण त्याच्या नावात बदलणारी जागा चारच अक्षरांची असते. एका फोल्डरमध्ये, एका सुरुवातीच्या नावाने जास्तीत जास्त ६५,५३५ फाइल्स बनतात.

बनवलेल्या फाइल्स वेळच्या वेळी पुसल्या तर ही मर्यादा कधीच आड येत नाही. पण प्रत्येक बिलामागे एक टेम्प फाइल बनवणारा आणि ती तशीच सोडून देणारा प्रोग्राम असेल, तर एक दिवस नावं संपतात. आदल्या दिवसापर्यंत नीट चालणारं सॉफ्टवेअर कोडची एकही ओळ न बदलता अचानक बंद पडतं. परात वापरली की धुवायची असते, ती यासाठी.

यूयूआयडी वापरलं की काम झालं?

आज बहुतेक प्रोग्रामर यूयूआयडी वापरतात. हा १२८ बिटांचा ओळख क्रमांक असतो. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट रँडम असतात. इथे वाढदिवसाचं गणितही हात टेकतं. दर सेकंदाला १०० कोटी यूयूआयडी बनवत राहिलं, तर एक तरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर यायला साधारण ८५ वर्षं लागतील. २०२४ च्या नव्या मानकात सातवा प्रकारही आला. त्यात सुरुवातीला वेळ आणि मग रँडम भाग असतो, त्यामुळे नावं बनली त्या क्रमाने लावता येतात.

पतसंस्थेसारख्या सामायिक फोल्डरसाठी हा उपाय उत्तम आहे. फक्त रँडम भाग चांगल्या दर्जाचा हवा. आणि यूयूआयडी असलं तरी फाइल बनवताना 'नवी असेल तरच' ही अट सोडायची नाही. त्याला एका शब्दाचा खर्च येतो.

डेटाबेस स्वतः काय करतात?

पोस्टग्रेसची युक्ती साधी आहे. टेम्प फाइलच्या नावात तो प्रोसेसचा क्रमांक घालतो आणि त्यापुढे एक चालू क्रमांक. एका वेळी एका कम्प्युटरवर दोन प्रोसेसना एकच क्रमांक नसतो, त्यामुळे टक्कर होत नाही. सर्व्हर अचानक बंद पडून मागे राहिलेल्या फाइल्स तो पुन्हा सुरू होताना साफ करतो.

मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्ये दोन जणांनी 'पगार' या एकाच नावाचा तात्पुरता तक्ता बनवला तरी चालतं. सर्व्हर दोन्ही नावांपुढे आपलं शेपूट जोडतो. म्हणूनच तिथे साध्या तक्त्याचं नाव १२८ अक्षरांपर्यंत चालतं, पण अशा तात्पुरत्या तक्त्याचं ११६ पर्यंतच.

लिनक्सने तर २०१३ मध्ये प्रश्नच मिटवून टाकला. ३.११ या आवृत्तीपासून तिथे नाव नसलेली टेम्प फाइल बनवता येते. नावच नाही तर टक्कर कसली? प्रोग्रामने फाइल बंद केली की ती आपोआप नाहीशी होते.

मग कोड लिहिणाऱ्याने काय करायचं?

- शक्य असेल तर फाइल बनवूच नका. डेटाबेसचा तात्पुरता तक्ता किंवा फॉक्सप्रोचा कर्सर वापरा. नावाची चिंता त्यांची.
- फाइल हवीच असेल तर भाषेतलं तयार फंक्शन वापरा. नाव देणारं नको, फाइल बनवून उघडून देणारं हवं.
- टेम्प फाइल सामायिक फोल्डरऐवजी प्रत्येकाच्या स्वतःच्या कम्प्युटरवर ठेवा. फॉक्सप्रोमध्ये यासाठी 'टीएमपीफाइल्स' नावाचं सेटिंगच होतं.
- नकार मिळाला तर नवं नाव घेऊन पुन्हा प्रयत्न करा. पण किती वेळा, याला मर्यादा ठेवा.
- काम झालं की फाइल पुसा. मध्येच एरर आली तरी पुसली जाईल असा कोड लिहा.

काल्पनिक पतसंस्थेतल्या त्या प्रोग्रामरचा कोड शंभर वेळा तपासून झाला होता. पण तपासताना तो एकटा होता आणि वापरताना चौघं होते. अशी चूक पकडायची असेल तर एकच साधी चाचणी आहे. दोन कम्प्युटर शेजारी ठेवायचे आणि तोच अहवाल दोन वेगळ्या खात्यांसाठी एकदम, पुन्हा पुन्हा मागवायचा. कागदावरचं नाव आणि आकडे प्रत्येक वेळी जुळले, तरच तो कोड काउंटरवर पाठवायचा.